केनिया की टांझानिया?

नैरोबीत राहायला येऊन मला आता आठ वर्षं होतील. या काळात भारतातून येणाऱ्या फोनांमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. कधी मामेभाऊ विचारतो, कधी जुन्या ऑफिसातली मैत्रीण, कधी कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेलं पुण्याचं एखादं निवृत्त जोडपं. "दहा दिवस आहेत. एकच देश करायचाय. केनिया की टांझानिया?" ('देश करणं' हा आपल्या पर्यटनातला खास शब्दप्रयोग. वारी करतात, पारायण करतात, तसा देश करतात.) मी उलट विचारते, "कोणत्या महिन्यात?" समोरच्यांना वाटतं मी हवामानाचं विचारतेय, म्हणून ते मुलांच्या सुट्ट्या सांगायला लागतात. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ते इथं एकदाच लिहून टाकते.

नकाशा काढून बघा. व्हिक्टोरिया सरोवरापासून हिंदी महासागरापर्यंत या दोन देशांमधली सीमा पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ जाते. फक्त एका ठिकाणी, किलिमांजारोपाशी, तिला कोपर फुटलं आहे. ही रेघ १८८६ साली ब्रिटिश आणि जर्मन सरकारांनी आपसात ठरवली. डोंगराच्या उत्तर पायथ्याला वळसा घालून ती सरोवराकडे न्यायची, असं ठरलं. राणी व्हिक्टोरियानं आपल्या नातवाला, म्हणजे जर्मन कैसरला, हा डोंगर वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकला, अशी गोष्ट इथले गाइड हमखास सांगतात. गोष्ट छान आहे, पण खोटी आहे. विल्हेल्म कैसर झाला १८८८ मध्ये, तेव्हा रेघ ठरून दोन वर्षं झाली होती.

या रेघेमुळे ५,८९५ मीटर उंचीचा तो डोंगर चढायचा टांझानियातून आणि बघायचा मात्र केनियातून. केनियातल्या आंबोसेलीत पहाटे उठून दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर सपाट पांढुरकी जमीन, तिच्यावरून रांगेत चाललेले हत्ती आणि मागे अर्धं आकाश व्यापणारा किलिमांजारो दिसतो. कॅलेंडरवर असतो तोच. नऊच्या सुमाराला तो ढगात गेला की बहुतेक लोक नाश्त्याला परततात. मी सांगते, थांबा आणि खाली बघा. इतक्या कोरड्या जागी हत्तींना पोटापर्यंत बुडवणारी दलदल कुठून आली? ते पाणी पलीकडच्या देशातलं आहे. किलिमांजारोच्या उतारावरच्या जंगलात पडणारा पाऊस लाव्हाच्या सच्छिद्र खडकातून जमिनीखालून उत्तरेला झिरपतो आणि आंबोसेलीत झऱ्यांच्या रूपानं वर येतो. म्हणजे 'केनियाचं' हे सर्वांत प्रसिद्ध दृश्य डोंगरासकट आणि पाण्यासकट टांझानियाचं आहे.

याच्या बरोबर उलटा हिशेब मारा नदीचा, पण तो नंतर.

हे सगळं मी नकाशावरून शिकले, पण जमीन बघायला शिकले ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी आमचं गाव होतं. अण्णांनी जन्मभर शेती केली. २०२३च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा इथं आले तेव्हा सत्तरीचे होते. पहिल्याच संध्याकाळी माझ्या घराशेजारच्या बांधकामापाशी ते थबकले. पाया खणून निघालेली काळी माती ट्रकात भरून बाहेर फेकायला चालली होती. नैरोबीतल्या बिल्डरांना या मातीचा राग आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात, म्हणून आधी ती खरवडून टाकतात. तिला म्हणतात 'ब्लॅक कॉटन सॉइल'. इथं कापूस नावापुरता, पण नाव आपल्या दख्खनच्या मातीचं. अण्णांनी ढेकूळ उचललं, अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "ही फेकून देत्यात?" त्या रात्री जेवताना ते फारसं बोलले नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही नामांगाची सीमा ओलांडून अरुशाला निघालो. वाटेत त्याच काळ्या मातीवर ठेंगणी काटेरी बाभळीसारखी झुडपं दिसत होती. त्यांच्या काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढ्या काळ्या गाठी असतात, गाठींत मुंग्या राहतात, आणि मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा शिरला की झाड बारीक शीळ घालतं. अण्णांनी गाडी थांबवायला लावून ती शीळ ऐकली. पुढे अरुशा, कराटू, मग न्गोरोन्गोरोच्या विवराचा कडा. सुमारे सहाशे मीटर खोल आणि अडीचशेहून जास्त चौरस किलोमीटर तळ असलेलं हे विवर म्हणजे ज्वालामुखीचा माथा आत कोसळून झालेला वाडगा. सगळ्या जगाला ते आवडतं. मला कड्यावरून आवडतं, तळात नाही. तळात उतरलं की चारी बाजूंनी भिंत असते आणि प्राणी फार आज्ञाधारक वाटतात. हे माझं मत आहे, तुम्ही पैसे भरून उतरा.

खरी गंमत कड्याच्या पलीकडे आहे. पश्चिमेला उतरायला लागलं की झाडं विरळ होत जातात आणि एका टप्प्यावर संपतातच. उरतं ते केवळ गवत, बोटभर उंचीचं, क्षितिजापर्यंत. सेरेंगेटी हे नाव मासाई भाषेतल्या 'अंत नसलेलं मैदान' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं म्हणतात. अण्णांचा पहिला प्रश्न, "झाडं का न्हाईत? पाऊस तर पडतोय." रस्त्याकडेला जमीन कापलेली होती, तिथं चालकानं त्यांना उत्तर दाखवलं. वर हातभर राखाडी माती आणि खाली सिमेंटसारखा पांढरट कडक थर. पूर्वेला ज्वालामुखींची रांग आहे. त्यांनी हजारो वर्षं राख उधळली, वाऱ्यानं ती इथं आणून पसरली, पावसानं तिच्यातला चुना विरघळवून खाली नेला आणि तिथं त्याची लादी झाली. झाडाचं मूळ त्या लादीतून जात नाही. गवताचं मूळ तिथवर पोचायची गरजच नसते.

त्या रांगेतला ओल डोइन्यो लेंगाई अजून जिवंत आहे. २००७-०८ मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला. त्याच्यासारखा लाव्हा आज जगात दुसरा कुठलाही जिवंत ज्वालामुखी ओकत नाही. तो धुण्याच्या सोड्याच्या जातीचा, इतर लाव्हांच्या मानानं थंड, काळा वाहतो आणि दमट हवा लागली की पांढरा पडतो. लांबून डोंगराच्या माथ्यावर बर्फ असल्यासारखं वाटतं. ही राख कॅल्शियम आणि फॉस्फरसनं भरलेली असते, आणि म्हणून गवतही. विल्डबीस्टच्या माद्या जानेवारीअखेर ते मार्चमध्ये याच आखूड गवतावर वितात, त्यातल्या बहुतेक दोन-तीन आठवड्यांत. अण्णांनी विल्डबीस्टला 'दाढीवालं रेडकू' असं नाव दिलं होतं. आमच्यासमोर एक मादी व्याली. वासरू पडलं, धडपडलं, दोनदा नाकावर आपटलं आणि काही मिनिटांत आईच्या मागे पळायला लागलं. शंभर पावलांवर तरस बसलं होतं. अण्णा म्हणाले, "दूध चांगलं असंल हितल्या गवताचं." सिंह, चित्ता, सगळं पाहून झाल्यावर त्यांनी आईला फोनवर सांगितलं ते गवताचंच.

पण या गवताला पाण्याची साथ नाही. पाऊस थांबला की मैदान महिन्याभरात वाळतं, डबक्यांतलं उरलेलं पाणी खारट होत जातं. मग तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे लाखो झेब्रे आणि हरणं आधी पश्चिमेला, मग उत्तरेला सरकतात. उत्तरेला पाऊस जास्त, गवत उंच, सकसपणात कमी, पण भरपूर. आणि तिथं मारा नदी आहे. उन्हाळा धरून वर्षभर वाहणारी या सगळ्या टापूतली एकमेव मोठी नदी. ती उगम पावते केनियातल्या माऊच्या जंगलात आणि टांझानियातून जाऊन व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. टांझानियाकडे बाळंतघर आहे, केनियाकडे पाणवठा. एकाच वर्षाचे हे दोन अर्धे. म्हणून मी महिना विचारते. जानेवारी ते मार्च असेल तर टांझानिया. ऑगस्ट ते ऑक्टोबर असेल तर मसाई मारा किंवा सेरेंगेटीचं अगदी उत्तर टोक. एप्रिल-मे म्हणजे मोठा पाऊस, चिखलात रुतायची हौस असेल तर या, हॉटेलं तेव्हा स्वस्त असतात.

मग लोक म्हणतात, दोन्ही एकदमच करतो, सेरेंगेटीतून सरळ वर माऱ्यात. नकाशावर ते लागून आहेत. सीमेवर बोलोगोंजा नावाचं फाटकही आहे. पण १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, टांझानियानं सीमा बंद केली, आणि पुढे काही वर्षांनी बाकीची नाकी उघडली तरी हे फाटक प्रवाशांच्या गाड्यांना बंदच राहिलं. विल्डबीस्ट, सिंह, वणवे, पाऊस सगळे तिथून ये-जा करतात. माणसानं मात्र पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्याला वळसा घालायचा, नाहीतर मागे अरुशा-नैरोबी करून यायचं, नाहीतर छोट्या विमानाचं तिकीट काढायचं. दहा दिवसांत दोन्ही देश करणाऱ्यांचे तीन दिवस रस्त्यात जातात. त्यापेक्षा एकाच बाजूला राहा.

केवळ निसर्गाची विविधता हवी असेल आणि वेळ थोडा असेल, तर केनिया सोयीचा. अंतरं आटोपशीर आहेत. सकाळी नैरोबीतून निघालात की तासाभरात रस्त्याच्या डाव्या हाताला जमीन अचानक तुटते आणि खाली खचदरी दिसते. मी कितीही वेळा गेले तरी तिथं बोलणं थांबतं. मग नैवाशाचं गोडं पाणी, नाकुरूचं खारं. नाकुरूचे गुलाबी फोटो पाहून येणाऱ्यांना मात्र सांगायला हवं की गेल्या दहा-पंधरा वर्षांत या सरोवरांची पातळी बरीच चढली आहे. पाणी पातळ झालं, रोहित पक्ष्यांचं शेवाळ कमी झालं आणि ते बरेचसे बोगोरियाकडे गेले. पूर्वेला विषुववृत्ताला चिकटून ५,१९९ मीटरचा माउंट केनिया, त्याच्यापलीकडे सांबुरूचा रखरखाट, आणखी वर तुर्कानाचं हिरवट सरोवर आणि वाळवंट. टांझानिया याच्या दीडपटीहून मोठा, नऊ लाख पंचेचाळीस हजार चौरस किलोमीटर, आणि तो ऐसपैस पसरलेला आहे. दक्षिणेला रुआहा, न्येरेरे अशी उद्यानं आहेत, जिथं पानगळीचं जंगल तासन्‌तास संपत नाही आणि त्सेत्से माशी कपड्यांवरून चावते. (निळे आणि काळे कपडे घालू नका, तिला ते रंग आवडतात.) तारांगिरेतल्या जाडजूड गोरखचिंचांच्या खाली उभे हत्ती शेळ्यांसारखे लहान दिसतात. लोक एका दुपारीत ते उरकतात, याचं मला वाईट वाटतं.

मग माझी आवड कुठली? मला अनेक वर्षं टांझानिया जास्त आवडायचा. कारण तिथं रिकामं होतं. १४,७६३ चौरस किलोमीटरच्या सेरेंगेटीत एक झोपडी दिसत नाही, एक तार नाही, एक शेळी नाही. मसाई मारा त्याच्या एक दशांश, सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, आणि त्याच्या काठावरून पत्र्याची घरं दिसतात, गुरांच्या घंटा ऐकू येतात.

न्दुतूच्या तंबूत दुसऱ्या रात्री अण्णांनी विचारलं, "हितली माणसं कुठं गेली?"

माणसं गेली ती अनेकदा गेली. पहिल्यांदा गुरं गेली. १८९०च्या सुमारास इथं बुळकांडी आली. अण्णांना हा शब्द सांगताच त्यांनी मान हलवली, त्यांच्या लहानपणी आमच्याकडेही या रोगानं गोठे रिकामे व्हायचे. आफ्रिकेत ही साथ इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरली ती इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर, आणि ती गुरं भारतातून आली असावीत असं मानलं जातं. दोन-चार वर्षांत मासाईंची बहुतेक गुरं मेली, मागोमाग उपासमारीनं माणसं मेली. रानातली विल्डबीस्टही मेली. गोरे अधिकारी आणि शिकारी आले तेव्हा त्यांना जी मोकळी भूमी दिसली, ती या साथीनंतरची होती. ब्रिटिशांनी १९०४ आणि १९११च्या करारांनी केनियातल्या मासाईंना नैवाशा-नाकुरूच्या कुरणांवरून आणि नंतर लाइकिपियाच्या पठारावरून हलवून दक्षिणेला, मारा आणि काजियाडोकडे आणलं. ती कुरणं गोऱ्या शेतकऱ्यांना गेली. टांझानियाकडे सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९५९ मध्ये तिथल्या मासाईंना न्गोरोन्गोरोला पाठवलं. तिथं तुम्ही गुरांसह राहाल, असं सांगून. पुढे तिथं शेतीला बंदी आली. आता २०२२ पासून न्गोरोन्गोरोतल्या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर हांदेनी जिल्ह्यात म्सोमेरा गावी हलवणं चालू आहे. सरकार त्याला स्वेच्छेचं स्थलांतर म्हणतं. तिथल्या अनेक मासाईंना ते मान्य नाही, २०२४ मध्ये ते हजारोंनी रस्त्यावर येऊन बसले होते.

प्राण्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. विल्डबीस्टचे आजचे लाखोंचे कळप नेहमीच असे नव्हते. १९६०च्या आसपास ते अडीच लाखांपर्यंत उतरले होते. भोवतालच्या गावांतल्या गुरांना बुळकांडीची लस दिली गेली, तेव्हा रानातला रोग ओसरला आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी संख्या तेरा लाखांवर गेली. जगातून बुळकांडी संपल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. म्हणजे ज्याला आपण माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग समजून पैसे मोजतो, तो गोठ्यात टोचलेल्या सुईनं उभा राहिलेला आहे.

अण्णा हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच." उजनी धरणाचं पाणी अडवलं तेव्हा ते पंचविशीत होते. गाव, मळई, जनावरांचा घाट सगळं पाण्याखाली गेलं. बदली जमीन मिळाली ती मुरमाड. आता त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, भिगवणला पुण्या-मुंबईचे लोक पहाटे कॅमेरे घेऊन येतात, आणि आमच्याच भावकीतली पोरं त्यांना होडीतून फिरवतात. मीही लग्नानंतर नवऱ्याला तिथं घेऊन गेले होते. पक्षी सुंदर दिसतात. अण्णा होडीत कधी बसले नाहीत.

दुसऱ्यांदा ते आले २०२४च्या सप्टेंबरात. तेव्हा आम्ही माऱ्यात गेलो. नदी ओलांडणारे कळप बघायला एकेका घाटावर साठ-सत्तर गाड्या उभ्या असतात, रेडिओवरून आरडाओरडा चालतो. तो प्रकार एकदा बघावा आणि तिथून निघावं. आम्ही राहिलो राखीव क्षेत्राबाहेर, मासाईंच्या मालकीच्या जमिनींवरच्या एका कन्झर्व्हन्सीत. २००० नंतर इथं ही पद्धत रुजली. आपापल्या नावावर झालेले जमिनीचे तुकडे मालक एकत्र करतात, पर्यटन कंपन्यांना भाड्यानं देतात, दरमहा पैसे घेतात आणि ठरलेल्या काळात, ठरलेल्या पट्ट्यात गुरंही चारतात. सगळं गोड नाही. भाडं परवडलं नाही किंवा पटलं नाही की मालक कुंपण घालतो, आणि तारेत अडकलेले झेब्रे मी पाहिले आहेत. लोइता मैदानातून माऱ्याला येणारे केनियाचे स्वतःचे विल्डबीस्टचे कळप गेल्या काही दशकांत झपाट्यानं घटले आहेत, त्याला कुंपणं आणि गव्हाची शेती ही मोठी कारणं आहेत. निसर्ग म्हणून तोललं तर सेरेंगेटीचं पारडं आजही जड आहे, आणि ते जड आहे त्याचं एक कारण तिथून माणसं काढली हेच आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं मला अजून पचत नाही.

अण्णांना मात्र मारा आवडला. सकाळी गाईंचा कळप आणि झेब्र्यांचा कळप एकाच उतारावर चरत होते, मधे लाल शाल पांघरलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा काठी टेकून उभा होता. अण्णा गाडीतून उतरून त्याच्याशी बोलले. ते मराठीत, तो मासाईत. दोघांनी एका गाईच्या कासेकडे बोट दाखवलं, कसल्यातरी गोष्टीवर एकमत झालं.

परतताना नदीपाशी थांबलो. पाणी गढूळ, संथ, पाणघोडे पाठी काढून पडलेले. अण्णांनी विचारलं, "येते कुठनं?" मी माऊच्या जंगलाचं सांगितलं. तिथं शेतीसाठी झाडं किती तुटली, मग जंगल वाचवायला सरकारनं तिथूनही हजारो लोकांना कसं बाहेर काढलं, तेही सांगितलं. "आन् वर धरण?" मोठं धरण नाही, पण दोन्ही देशांत या नदीवर धरणांच्या योजना अधूनमधून निघत असतात, मी म्हणाले.

अण्णांनी दुर्बीण मागून घेतली. मला वाटलं पलीकडच्या काठावर मगर होती ती बघतायत. ते पश्चिमेकडच्या कड्याकडे बघत होते. तिथं कड्याच्या माथ्यावर उन्हात पत्रे चमकत होते. ते ओठ हलवत एकेक घर मोजत होते. चालकानं मगर दाखवायला त्यांच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी बोटानं त्याला थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.